मोहिनीबाईंचं अर्धं उड्डाण

नव्या संगणकावर ललितरावांनी खेळ लावला, वैमानिकांची यादी उघडली, आणि तिथे मोहिनीबाईंचं नाव नव्हतं. त्यांनी यादी तीन वेळा बंद करून उघडली. मी टेबलाच्या खणात होते. मला त्यांची दया आली नाही. राग आला.

मित्रांनो, मी एक जॉयस्टिक आहे. अंतराळयानाच्या खेळात यान वळवायचा दांडा म्हणजे मी. सत्त्याण्णव साली नाशिकरोडच्या या घरात आले. पाच वर्षं मोहिनीबाईंच्या हाताखाली काम केलं. शाळेतून शिकवून आल्या की त्या चहाचा कप घेऊन बसायच्या. त्यांच्या अंगठ्याने माझ्या वरच्या बटणाचा रंग गेला. त्याचा मला अभिमान आहे.

माझ्यात वेग बदलायची सोय नव्हती. तो कीबोर्डवरून त्यांचे यजमान, म्हणजे ललितराव, सांभाळायचे. एका यानाला दोन माणसं लागायची.

"अहो, वेग कमी करा! तळ आला."

"केला की."

"कुठे केला? देवळाली कॅम्पची बससुद्धा स्टॉपवर थांबते हो!"

दोघं हसायचे, यान धडकायचं आणि दोष मला मिळायचा. मला त्याचं काही वाटत नसे.

खेळातलं शेवटचं, बारावं उड्डाण अर्ध्यावर असताना मोहिनीबाई दवाखान्यात गेल्या. जाताना त्यांनी यान होतं तिथे, आपल्या नावावर, संगणकात साठवून ठेवलं. "आल्यावर उतरवू," म्हणाल्या. त्या आल्याच नाहीत.

वर्षभराने ललितरावांनी ठरवलं, हे उड्डाण आपण पुरं करायचं. चांगलं ठरवलं. पण कचेरीतले नवनाथ घरी येऊन म्हणाले, "तुम्हाला एकट्याला कसं जमणार, राव? नवी जॉयस्टिक घ्या, सोबत थ्रॉटल येतो. उजव्या हाताने दिशा, डाव्याने वेग. दुसरं माणूस लागतच नाही."

दुसरं माणूस लागत नाही! आणि ललितरावांनी हे ऐकून घेतलं.

नवा जोड आला. त्याची वायर जुन्या संगणकाला बसेना. मग जुना संगणक दुकानात देऊन नवा आणला. त्याला माझी वायर बसेना, म्हणून मी खणात गेले. ज्या उड्डाणासाठी एवढा खटाटोप केला, ते त्या जुन्या संगणकातच होतं! ललितराव समजत होते, खेळाची सीडी घरात आहे म्हणजे उड्डाणही घरातच आहे. जुना संगणक देण्याआधी एकदा चालू करून बघायला काय झालं होतं?

त्यांनी दुकानात फोन केला. दुकानदाराचा आवाज खणापर्यंत आला.

"काका, तो पीसी घोटीच्या एका कॉम्प्युटर क्लासला दिला. मी काही पुसलेलं नाही. पण पोरं बसवायच्या आधी ते पुसतील. लवकर जा."

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर घ्या. पण जुनी वस्तू दाराबाहेर काढण्याआधी तिच्यात कोणाचं काय राहिलं आहे, ते बघा. माझं वय झालं, मला खणात ठेवलं तरी चालेल. पण क्लासचा पत्ता लिहिलेला कागद समोर ठेवून ललितराव रोज खुर्चीत बसतात आणि थ्रॉटल नुसता पुढे-मागे करतात. "पुसलं असेल तर?" असं स्वतःशीच म्हणतात. नसेल पुसलं तर, हे त्यांना कोण सांगणार?

फोन केल्याला आज अकरा दिवस झाले. ललितराव अजून घोटीला गेलेले नाहीत.