चित्रातली कोरी जागा

आमचे हे डोंगर काढतात अशी सगळ्या सुचौ शहरात ख्याती आहे. खरं सांगायचं तर यांना साधी टेकडी धड काढता येत नाही. अकरा वर्षं डोंगर मी काढते, हे खाली सही करतात आणि लाल शिक्का उठवतात. शिक्काही कधी उलटा उठतो. मग मी तिथे लाल पानांचं एखादं झाड काढून यांचं निस्तरते.

लोक म्हणतात, फान युलिन यांच्या डोंगरांत बुडालेल्या राज्याचं दुःख आहे. कसलं दुःख डोंबलाचं! उत्तरेकडून मांचू राज्य जिंकत आले, डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी सोडायचा हुकूम निघाला, तेव्हा आमच्या गल्लीतून न्हाव्याकडे पहिले पळाले ते हेच. न ऐकलं तर मान जायची, भीती सगळ्यांनाच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरी येऊन यांनी आरशात पाहिलं आणि मला विचारलं, शोभते ना?

मी स्वतः डोंगर पाहिलेला नाही. लग्न झाल्यापासून कालव्याकाठच्या देवळापलीकडे गेलेच नाही मी. आत जे साचतं ते डोंगर होऊन बाहेर येतं, एवढंच मला माहीत. संताप झाला की कडे उभे राहतात. सासूबाई गेल्या त्या वर्षी माझ्या दऱ्याखोऱ्यांत अशी काही फुलं फुलली होती की विचारू नका. जाणकारांनी ती पाहून यांना सहनशील म्हटलं.

या उन्हाळ्यात माझी आ-रोंग गेली. तीन वर्षांची मुलगी, तापाने गेली. हे तेव्हा हांगचौला कोणाच्या तरी बागेत मेजवान्या झोडत होते. निरोप धाडला तर उत्तर आलं, पावसाने वाट खराब आहे, तुम्ही उरकून घ्या. आम्ही उरकून घेतलं.

त्यानंतर मी एकच चित्र काढलं. तळाशी थोडे खडक, एक झोपडी, तिचं दार उघडं. वर काही नाही, दोन हात नुसता कोरा कागद. बघणारे त्याला धुकं म्हणणार हे मला ठाऊक होतं. म्हणोत बापडे. ती माझी आ-रोंग होती, तिथे मला कुंचला टेकवता आला नाही.

यांना ते चित्र सापडलं आणि यांनी लगेच बेत ठरवला. शेवंती फुलली की खेकड्यांची मेजवानी द्यायची, निवृत्त न्यायाधीश झान साहेबांना ते भेट द्यायचं, आणि त्याआधी सगळ्यांसमोर त्या कोऱ्या जागेत कविता लिहायची. यांनी लिहिली की पाहुणे थोडेच गप्प बसणार आहेत? प्रत्येकजण आपापल्या चार ओळी आणि शिक्का तिथे कोंबतो, तशी रीतच आहे. अकरा वर्षांत मी यांच्याजवळ काही मागितलं नव्हतं, ते त्या दिवशी मागितलं.

"अहो, चित्र न्या. वरची जागा तेवढी सोडा. कविता वेगळ्या कागदावर लिहा."

"वेडी आहेस का? कोरी जागा असते कशासाठी?"

चित्र गुंडाळताना अडकू नये म्हणून त्याच्या पाठीला मेण घासून गुळगुळीत दगडाने घोटतात. मेजवानीच्या आदल्या दिवशी मी ते मेण पुढच्या बाजूला घासलं, फक्त त्या कोऱ्या जागेवर. दुपारभर घोटत बसले. यांच्या लक्षात येईल अशी धास्ती मला नव्हती, कारण हे चित्राकडे बघतात कधी?

पाहुणे आले, खेकडे फोडून झाले, गरम मद्य झालं. मी पडद्याआड होते. मेजावर चित्र पसरलं आणि सुरू झाली यांची बडबड. उघडं दार म्हणजे परागंदा राजाची वाट पाहणं, म्हणे. हे मान खाली घालून डोळे पुसत होते. मग यांनी बाह्या सारल्या आणि पहिलं अक्षर काढलं.

शाई कागदात शिरेचना. अक्षर फुटून त्याचे थेंब झाले आणि ते नुसते थरथरत बसले. यांनी दुसरं काढून पाहिलं, त्याचंही तेच. सगळे मेजावर वाकले. मी पडदा घट्ट धरून उभी होते.

तेवढ्यात झान साहेबांनी यांच्यापुढे हात जोडले. "फानदादा, तुमचं दुःख एवढं, की कागदसुद्धा शब्द घेत नाही."

हे क्षणभर गांगरले. पण अशा बाबतीत माणूस मोठा हुशार. यांनी कुंचला अलगद खाली ठेवला आणि म्हणाले, आज राहू दे. दोघे-तिघे तर रडलेच. मग तिथे लिहायची कोणाची टाप? थेंब कापसाने टिपले आणि झान साहेब चित्र घेऊन गेले. माझं चित्र गेलं, पण जागा कोरी गेली.

पाहुणे पांगल्यावर हे उरलेले खेकडे चोखत बसले. स्वारी खुशीत होती. कागदाला काय केलंस ते विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, चौघांनी अगदी अशीच चित्रं मागितली आहेत, थंडीच्या आत काढून ठेव. दुःख तेवढंच हवं, कमी नको.

"चार?" मी म्हटलं. "त्याला अजून चार मुली लागतील."

यांनी दातात अडकलेलं कवच काढून ताटलीत ठेवलं आणि जरा विचार केला.

"शाई उगाळायलाच ना?" हे म्हणाले. "दोनात भागव."