मी बंद केलेला घाट

आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात दरवर्षीच्या फेरीचा रस्ता आखायचं काम माझ्याकडे असतं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात आणि माझ्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

गेल्या वर्षी चढावर माझी गाडी उकळली. बेकरीवाल्याने तिथल्या तिथे तिचं नाव किटली ठेवलं. मग वर्षभर भेटेल तो विचारी, "काय मास्तर, चहा टाकलाय का?"

यंदाच्या वाटेवर पुन्हा घाट होता. बंद रस्त्यांची सरकारी यादी समोर ठेवून मी बसलो. जुना पूल बंद, नदीकाठचा रस्ता बंद. दोन्ही लाल पेन्सिलीने रंगवले. मग पेन्सिल घाटावर गेली. शेजारी 'दरड' असं लिहिलं. दरड कुठेही पडली नव्हती.

बैठकीत कोणी काही विचारलं नाही. फक्त दादा, म्हणजे आमचे घड्याळ दुरुस्त करणारे, सगळ्यांत वयस्क सभासद, नकाशाला नाक टेकवून बघत राहिले.

"घाट बंद?"

"दरड आहे, दादा."

"बरं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आठवड्याने बाजारात दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भेटल्या. "यांचं येणं रद्द झालं हो. या महिन्यात परवाना संपतोय आणि डोळ्यांचे डॉक्टर पुढे सही द्यायला तयार नाहीत. एकदा शेवटचा घाट चढवायचा होता. तो बंद म्हटल्यावर गाडीच भाच्याला देऊन टाकली."

हातातली पिशवी जड झाली. मुलांना मी नेहमी सांगायचो, नकाशात खोटं काढणारा एक असतो आणि वाट चुकणारा दुसराच. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं.

तसाच दुकानात गेलो. दादा डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकले होते.

"दादा, दरड नाही. घाट उघडा आहे. माझी गाडी तापते, पुन्हा हसतील म्हणून मी तो लाल केला."

त्यांनी भिंग काढलं नाही. "चहावरून एवढं?"

"हो."

"परवा सांगायचंस रे. परवा गाडी दारात होती."

मी भाच्याला फोन केला, पण तो गाडी घेऊन पार दूर गावी पोचला होता. शेवटी म्हणालो, "दादा, किटली चालवा. परवाना आहे तोवर."

मंडळाला खरं काय ते सांगितलं आणि घाट पुन्हा वाटेत घेतला. बेकरीवाला एवढंच म्हणाला, "कमाल केलीत, मास्तर." हसलं कोणीच नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी दादांनी घाट धरला. वळणावर गियर असा हलकेच टाकत की मला आवाजही येत नव्हता. सहा वळणं झाली आणि झाकणाखालून वाफ सुटली. बाकीच्या गाड्या हॉर्न देत पुढे गेल्या.

इंजिन निवायची वाट बघत आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. वर अजून सोळा वळणं होती.

"माझी असती तर एव्हाना पोचलो असतो," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता. हिशोब करून सांगावं तसं म्हणाले.

मी पाण्याचा कॅन उचलला आणि त्यांच्याकडे न बघता बॉनेटपाशी गेलो.