अकरा किलो

क्लेम हॅडरेल याच्या इंजिनाने सात महिने त्याच्या बायकोच्या कपडे धुण्याच्या खोलीत मुक्काम ठोकला होता. आठ सिलिंडर, पाच लिटर. ते त्याला १९६७ सालच्या छोट्या मोटारीत बसवायचे होते आणि बेनाला गावाच्या परिसरात अशा फेरबदलांना मंजुरी देणारा अभियंता मी असल्याने ते रस्त्यावर येणार की नाही, हे माझ्या सहीवर अवलंबून होते.

नियम सोपा आहे. मोटारीचे मूळ वजन अकराशे किलोंपेक्षा कमी असेल, तर किलोमागे तीन घनसेंटिमीटर इंजिन चालते. अकराशे किंवा अधिक असेल, तर पाच. कारखान्याच्या पत्रकात क्लेमच्या मोटारीचे वजन एक हजार एकोणनव्वद होते. म्हणजे अकरा किलोंसाठी त्याचे सुमारे सव्वादोन लिटर बुडत होते.

क्लेम धान्याच्या गोदामावरील वजनकाट्याची पावती घेऊन आला. अकराशे चाळीस. मी त्याला सांगितले, की हा काटा वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी मोजतो, टाकी काठोकाठ भरलेली आहे आणि मागच्या आसनावर कुत्र्याचे ताजे केस आहेत. कुत्रा नियमित प्रवासी असल्याचा दावा त्याने केला. तो मला मान्य होता, पण उपयोगाचा नव्हता. वजन आजचे धरत नाहीत, मोटार कारखान्यातून निघाली त्या दिवशीचे धरतात.

"म्हणजे माझं वजन तू लग्नाच्या दिवशीचं धरणार?"

"त्या दिवशी बरा होतास की," त्याची बायको बेरिल खिडकीतून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात क्लेमने खरा पुरावा आणला. त्याच वर्षी कारखान्याने डिलक्स नमुनाही काढला होता: हीटर, दारांना हात टेकायच्या गाद्या, जाड अस्तर, वजन एक हजार एकशे दोन. त्याच्या मोटारीत हे सारे होते. नमुना सांगणारी पट्टी गंजून गेली होती, पण हीटरवर कारखान्याचा शिक्का स्पष्ट होता. शिक्का हीटर कुठे बनला ते सांगतो, कुठे बसवला ते नाही, हे मला ठाऊक होते. तरीही तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या आणि मी पेन काढले. केवळ रिवाज म्हणून विचारले, की मोटार नवी कोणी घेतली होती.

"माझ्या बाबांनी," धुण्याच्या खोलीच्या दारात कपड्यांची टोपली घेऊन उभी असलेली बेरिल म्हणाली. "सगळ्यांत स्वस्त होती ती. मी थंडीनं रडायचे, म्हणून सत्तर साली त्यांनी एक ठोकलेली डिलक्स आणून तिचं सगळं काढून हिच्यात बसवलं. अस्तरसुद्धा. पावती आहे माझ्याकडे."

मी पेनाला टोपण लावले.

क्लेम तिच्याकडे वळला. "बेरिल, हे आत्ताच सांगायचं होतं?"

"रसेलनं आत्ता विचारलं."

एका निरीक्षणावरून हेतूचा निष्कर्ष काढू नये. टोपली मात्र भरलेली होती आणि तिची नजर माझ्यावर नव्हे, आतल्या इंजिनावर होती. मंजुरी मिळाली असती, तर ते मोटारीत बसेपर्यंत आणखी काही महिने तिथेच राहिले असते.

एक हजार एकोणनव्वद गुणिले तीन: तीन हजार दोनशे सदुसष्ट. क्लेमच्या शेडमध्ये तीन लिटरचे सहा सिलिंडरचे एक इंजिन पडून होते. ते त्याने कुरकुरत बसवले, मी ब्रेक तपासून सही केली.

मोठे इंजिन शेडमधल्या रिकाम्या जागी हलवायला शेजारी धरून आम्ही चौघे लागलो. धुण्याच्या खोलीच्या जमिनीत बोटभर खड्डा पडला होता. बेरिलने तो पायाने दाखवला. धुण्याचे यंत्र आता तिरके उभे राहणार होते.

क्लेमने घाम पुसत विचारले, की याचे वजन असेल तरी किती.

"साधारण अडीचशे किलो," मी म्हणालो.

"आजचं, की कारखान्यातून निघालं तेव्हाचं?"