रिकाम्या गावाला नऊ गुण

नवरा पेपरात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचा; या नव्या गेमला त्याने दहापैकी नऊ गुण दिले होते. घर बांधायचं, बाग लावायची, शेजाऱ्यांकडे पाहुणचाराला जायचं. मारामारी नाही की रक्त नाही. त्याच्या शब्दावर विसंबून खारूच्या आईने, गेम बाजारात येताच, लेकीच्या टॅबवर तो येऊ दिला. नाहीतर ती इतकी धास्तीखोर, की लेकीचा नवा शाम्पूसुद्धा आधी स्वतःच्या डोक्याला लावून बघायची.

आठवडा व्हायच्या आत खेळणाऱ्यांनी त्याला दिले दोन.

"झालं! रिकामटेकडे नुसते," नवरा लॅपटॉपवर करवादला. "सर्व्हर जरा अडकला की शंख करायला मोकळे."

"अरे, पण वाच तरी."

"शिव्यांना रिव्ह्यू म्हणत नाहीत, बाईसाहेब."

मग तिनेच वाचायला घेतलं. कुणाचा गेम बंद पडत होता, कुणाला किंमत झोंबली होती. नवऱ्याचंच खरं, असं तिला वाटू लागलं, तेवढ्यात कुणा बापाने लिहिलेलं दिसलं: 'समीक्षकांनी नक्की कुठला गेम खेळला? इथले शेजारी खरी माणसं आहेत. माझ्या मुलाला त्यातला एक जण घरचा पत्ता विचारतोय.'

"तू खेळलास तेव्हा शेजारी कोण होतं रे?"

"कुणीच नाही. आम्हाला गेम बाजारात यायच्या आधी मिळतो ना. अख्खं गाव माझ्या एकट्याचं. इतकं शांत, की..."

बोलता बोलता त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं.

आतल्या खोलीत खारू हसत होती. सकाळपासून ती गेममधल्या कुठल्याशा बोलक्या सशाशी बोलतेय, असं आई धरून चालली होती. ती धावत आत गेली आणि लेकीच्या कानांवरचे हेडफोन ओढून तिने आपल्या कानाला लावले.

"मग? आई झोपते का गं दुपारची?" एका मोठ्या माणसाचा मऊ, लाडिक आवाज.

तिने टॅब ओढून घेऊन माइक बंद केला.

"शेजारचे काका आहेत," खारू म्हणाली. "मला विहीर बांधून दिली त्यांनी."

"तू त्यांना काय काय सांगितलंस?"

"नाव नाही सांगितलं! तू नको म्हणालीस ना." शाबासकीसाठी तिने मान वर केली. "नुसता खिडकीतून फोटो काढून पाठवला. त्यांनी पण त्यांचा पाठवला होता."

खिडकीसमोर खारूची शाळा. फाटकावर शाळेचं नाव, हातभर उंच अक्षरांत.

नवरा दारात भिंत धरून उभा होता. "मी नऊ दिले गं..."

"ते नंतर. पोलिसांना लाव फोन."

त्याने स्पीकरवर लावला. चौकीवरच्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं, खारूचं वय विचारलं, टॅबवरचं काही पुसू नका म्हणाला. मग गेमचं नाव विचारलं. नवऱ्याने सांगितलं.

त्याने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"अहो, तो चांगला आहे ना?" त्या माणसाचा आवाज एकदम घरगुती झाला. "माझ्या पोरीला मी तोच घेऊन दिलाय. पेपरात नऊ गुण होते त्याला."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

"साहेब, ते नऊ मीच दिलेत," तो म्हणाला. "घरी फोन करा. आधी पोरीच्या हातातून तो काढून घ्यायला सांगा."

"धरा जरा," एवढंच ऐकू आलं, आणि मग पलीकडे खुर्ची जोरात मागे सरकल्याचा आवाज.