तिसऱ्यांदा भेट दिलेली गाडी

मी एक जुनी रुग्णवाहिका आहे, मित्रांनो. रंग पाहून तुम्हाला ते खरं वाटायचं नाही. माझा रंग अजून ओला आहे, टपावरचा दिवा नवा आहे आणि नाकावरून ही लाल रिबीन बांधलेली आहे. समुद्रापलीकडच्या मित्रदेशाने नवी कोरी गाडी भेट पाठवली, असं तुमच्या बाईंनी सांगितलं असेल. बाईंना तसं सांगायला सांगितलेलं आहे, त्यांच्यावर रागावू नका. माझ्या मागच्या दाराचा एखादा पोपडा नखाने खरवडून पाहा. खाली पिवळा पट्टा लागेल आणि त्याच्याही खाली जांभळा. मला भेट म्हणून देण्याची ही तिसरी खेप आहे.

रिबीन कापणारे साहेब यायला अजून अवकाश आहे. तुमच्या हातात कागदी झेंडे आहेत, डोक्यावर ऊन आहे आणि करायला काही नाही. तेवढ्यात माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म फार लांबच्या, फार मोठ्या देशातल्या कारखान्यात झाला. त्या देशाच्या झेंड्यावर जांभळा पट्टा होता, म्हणून पुढे मी ज्या गावात आले तिथले लोक त्या देशाला नुसतं 'जांभळे' म्हणायचे. माझ्याबरोबर तयार झालेल्या गाड्या त्यांच्याच दवाखान्यांत गेल्या. माझ्या दारावर मात्र एका कारागिराने पितळी पाटी बसवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'मैत्रीची भेट'. पाटी सरळ बसते की नाही हे त्याने इतक्यांदा पाहिलं, की तितक्यांदा कोणी माझ्या ब्रेककडेही पाहिलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटला. तेव्हा मी नवी होते, मला काय कळत होतं?

एका छोट्या देशातल्या छोट्या गावच्या दवाखान्यात माझी रवानगी झाली. जांभळ्यांचे राजदूत आले, भाषण झालं, रिबीन कापली आणि मी कामाला लागले. माझा चालक सडपातळ, अबोल माणूस. तो मला इतका जपायचा की दवाखान्यात सगळे त्याला चेष्टेने 'मालक' म्हणायचे. मला कोणी टेकून उभं राहिलेलंही त्याला खपायचं नाही. त्याची थोरली बहीण त्याच दवाखान्यात कपडे धुण्याच्या खोलीत कामाला होती. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून अख्खा दवाखाना तिला ताईच म्हणायचा, मोठे डॉक्टरसुद्धा.

ताई रोज सकाळी माझ्या स्ट्रेचरवर धुतलेली चादर घालायला यायची. चढताना चपला बाहेर काढायची आणि मालकालाही काढायला लावायची.

"अगं, गाडी आहे ही, घर नव्हे," तो कुरकुरायचा.

"तुझं घर मी झाडते तेव्हा कळतं मला, कुठे चपला काढायच्या आणि कुठे नाही," ती म्हणायची.

एकदा माझ्या दारावरची पाटी पुसता पुसता तिने त्याला विचारलं, "हे मोठे साहेब भेट देतात म्हणजे नक्की काय रे? येऊन जातात ती भेट, की ठेवून जातात ती?"

"दोन्ही."

"मग येऊन जातात तिचेच फोटो जास्त दिसतात," ताई म्हणाली आणि स्वतःच हसली.

ती माझी सुखाची वर्षं. किती बाळंतिणी मी पोचवल्या, किती मोडलेले हातपाय, किती भाजलेली माणसं. गावातले लोक मला पाहिलं की सायकल रस्त्याच्या कडेला घ्यायचे. आपलं कौतुक होतं हे कोणाला आवडत नाही?

मग एक सभा झाली. जगातले सगळे देश एका मोठ्या दालनात बसतात आणि कोणत्या तरी प्रश्नावर हात वर करतात. माझ्या गावाने ते दालन कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या सरकारच्या माणसाने जांभळ्यांच्या विरुद्ध हात वर केला. जांभळे त्यावर काहीच बोलले नाहीत. मोठी माणसं रागावली की आरडाओरडा करत नाहीत, फक्त देणं बंद करतात. त्याच महिन्यात माझ्या इंजिनाचा एक पट्टा तुटला. तो पट्टा जांभळ्यांच्याच कारखान्यात होत असे. मागणी केली की उत्तर यायचं, विचार चालू आहे. मला विटांवर चढवून ठेवलं आणि विचार चालूच राहिला.

मी दवाखान्याच्या अंगणातून पाहत होते. लोक आजाऱ्यांना हातगाडीवर आणायचे, खाटेवर आणायचे, पाठीवर घेऊन यायचे. काही वाटेतच जायचे. त्यातल्या कोणीही कुठल्याही दालनात हात वर केलेला नव्हता. मालक रोज येऊन माझा आरसा पुसायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा.

शेवटी दुसरं एक मोठं सरकार धावून आलं. त्यांच्या झेंड्यावर पिवळा पट्टा. जांभळ्यांशी त्यांचं मुळीच पटत नव्हतं, त्यामुळे आमच्या गावावर त्यांचं फार प्रेम जडलं. त्यांनी नवी गाडी दिली नाही. इंजिनाचा एक पट्टा दिला, दोन टायर दिले आणि पिवळ्या रंगाचा डबा दिला. पितळी पाटी उखडून नवी बसवली. मजकूर तोच, 'मैत्रीची भेट'. माझं अंग वरवर खरवडून रंगवलं, आणि आमच्या राजधानीतून शिष्टाचार खात्याचा एक अधिकारी कार्यक्रमाची तयारी करायला आला. काहीही विचारलं की तो म्हणायचा, "पाच मिनिटं." दवाखान्याने दुपारपर्यंत त्याचं नाव 'पाच मिनिटं' असं ठेवूनही टाकलं.

कार्यक्रमाचा दिवस आजच्यासारखाच उन्हाचा होता. ताईने माझ्यासाठी नवी पांढरी चादर कडक इस्त्री करून आणली. मग पाच मिनिटंने तिलाही फुलांचा गुच्छ देऊन रांगेत उभं केलं. दवाखान्यातली सगळी माणसं आणि शाळेची मुलं रांगेत उभी होती. पिवळ्यांचे राजदूत सकाळी यायचे होते. ऊन डोक्यावर आलं तरी ते आले नव्हते. कोणाला बसायची परवानगी नव्हती, कारण रांग मोडली की पुन्हा लावायला वेळ जातो.

ताईच्या हातातून गुच्छ पडला. तिने छातीवर हात ठेवला आणि ती खालीच बसली. तिला उचलून ओसरीतल्या बाकावर ठेवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ते मालकाला म्हणाले, "इथे माझ्याकडे काही नाही. शहरात न्या. आत्ताच्या आत्ता."

मालक धावत माझ्याकडे आला. दार उघडतो तोच पाच मिनिटंने त्याचा हात धरला.

"अहो, कुठे निघालात? रिबीन कापायची आहे."

"माझी बहीण आहे, साहेब."

"मला समजतं. पण रिबीन कापायच्या आधी गाडी वापरली, तर मग भेट कसली? चौकापर्यंत आलेत ते. पाच मिनिटं."

मालकाने त्याचे पाय धरले. मी मालकाला वाकलेलं तेव्हाच पाहिलं, एरवी तो फक्त माझ्या चाकांजवळ वाकायचा. पाच मिनिटं मागे सरकला, कारण त्याचे बूट नुकतेच पॉलिश केलेले होते.

राजदूत आले. रिबीन कापली. राजदूतांनी इच्छा दर्शवली की गाडी चालताना पाहावी. त्याची तयारी आधीच होती. दवाखान्यातल्या धडधाकट शिपायाच्या डोक्याला लाल शाई लावून पट्टी बांधली होती, त्याला स्ट्रेचरवर घालून अंगणाला फेरी मारायची होती. पण पाच मिनिटंची नजर बाकाकडे गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, खरी पेशंट आहे की आपल्याकडे. यांनाच घ्या."

आणि मित्रांनो, मालकाने हात जोडून त्याचे आभार मानले. त्याला वाटलं, झालं, सुटलो. ताईला माझ्यात ठेवताना त्याने घाईत चपला काढल्या नाहीत, आणि तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. तेवढं भान तिला होतं.

त्याने सायरन लावला आणि मला थेट फाटकाकडे घेतलं. फाटकात राजदूतांच्या ताफ्याच्या काळ्या गाड्या उभ्या होत्या, एकीला एक चिकटून. चालक आत चहा प्यायला गेले होते. मालकाने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. माझा घसा बसेपर्यंत वाजवला. आणि अंगणातले सगळे लोक, पाहुणे, रांगेतली शाळेची मुलं, टाळ्या वाजवू लागली. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. जितका तो हॉर्न वाजवी तितक्या टाळ्या वाढत. एक फोटोवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "पुन्हा एकदा, दादा, जरा या बाजूने."

मालक उतरून गाड्यांकडे धावला. तो कडेकडेच्या माणसांना विचारत होता, कोणाची गाडी, कोणाची गाडी. लोक हसून त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

तेवढ्यात मागचं दार उघडून राजदूत माझ्यात चढले. त्यांच्यामागे फोटोवाला आणि एक दुभाषा. राजदूतांनी ताईचा हात हातात घेतला. ताई त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, तुमच्या गाड्या काढायला सांगा."

राजदूतांनी दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने क्षणभर गळ्यातली टाय सारखी केली. मग तो त्यांच्या भाषेत म्हणाला, "ती म्हणते आहे, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही."

राजदूत खरोखर गहिवरले. त्यांचा डोळा ओला झालेला मी पाहिला आहे, ते वाईट माणूस नव्हते. फोटो छान आला.

ताई गेली तेव्हा माझ्याबाहेर भाषण चालू होतं. आजपासून या गावात कोणीही गाडीवाचून मरणार नाही, असं काहीसं. मालक परत आला, दाराशी थांबला, त्याने चपला काढल्या आणि मग आत चढला.

त्या फोटोचं मोठं चित्र दवाखान्याच्या भिंतीवर लागलं. खाली लिहिलं होतं, 'मैत्रीने वाचवलेला जीव'. मालक रोज त्याच्यासमोरून मला चालवत नेत असे. नोकरी सोडून जाणार कुठे? त्यानंतरही तो माझा आरसा पुसायचा, तेलपाणी पाहायचा, पण माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. त्याने मला एखादी लाथ घातली असती तर बरं वाटलं असतं. चादर मात्र स्वतः धुवायचा. त्याला इस्त्री कधी नीट जमली नाही.

मग मी म्हातारी झाले. पिवळेही कशावरून तरी रुसले आणि गाशा गुंडाळून गेले. माझं इंजिन थकलं, मला दवाखान्यामागे नेऊन उभं केलं, माझ्या आरशाला दोरी बांधून लोक टॉवेल वाळत घालू लागले. इथेच गंजून संपेन असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगते, वाईट वाटलं नव्हतं.

पण आमच्या छोट्या सरकारलाही एव्हाना वाटू लागलं होतं की किती दिवस घेणाऱ्यांत बसायचं, आता देणाऱ्यांत बसू. आपल्याहून छोटा देश शोधायला थोडे कष्ट पडले. तो तुमचा निघाला. पाच मिनिटं आता फार मोठा साहेब झाला होता, केस पिकले होते. माझं इंजिन कसंबसं चालू करवून तो स्वतः मला न्यायला आला. माझ्या कुशीवर त्याने तो जुना फोटोही चिकटवला, आणि मला धुवायला आलेल्या मालकाला कौतुकाने दाखवला.

"पाहिलंत? या बाई. किती लोकांना हुरूप आला असेल हा फोटो पाहून."

"माझी बहीण आहे ती, साहेब," मालक म्हणाला.

"काय सांगता? मग तर उत्तमच. कुठे असतात त्या हल्ली?"

मालकाने हातातलं फडकं पिळलं. "गाडीतून उतरलीच नाही ती," तो म्हणाला.

"वा, अजून सेवेतच," साहेब म्हणाले आणि फोनवर बोलू लागले.

बोटीवर चढवण्याआधी मालकाने माझ्या स्ट्रेचरवर एक चादर घातली. चुरगळलेलीच होती. ती अजून आत आहे.

तर मित्रांनो, अशी मी तुमच्या गावी आले. अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला वेळेवर तेल द्या, पावसात झाका, वगैरे मी मागणार नाही. माझं वय झालं आहे, फार ओढ आता माझ्यात उरलेली नाही. मागायचं ते दुसरंच आहे.

तुमच्या दवाखान्याच्या ओसरीत, त्या डावीकडच्या बाकावर, मघापासून एक म्हातारा आडवा पडला आहे. त्याची सून माझ्या नव्या चालकाचा हात ओढते आहे. चालक रिबिनीकडे पाहतो आहे. आणि पिकल्या केसांचे एक साहेब त्या दोघांना समजावून सांगताहेत की फक्त पाच मिनिटं.

थोड्या वेळाने मी हॉर्न वाजवीन. तुमच्या बाई तुम्हाला टाळ्या वाजवायची खूण करतील. वाजवू नका. तुम्हाला ज्या जागी रांगेत उभं केलं आहे ना, ते फाटक आहे. बाजूला व्हा.