रत्नम्माच्या खोलीतला बाक

मित्रांनो, आज मला पाहिलेत तर तुम्ही अभ्यासाचे टेबल म्हणाल. पण माझा जन्म झाला तो बाक म्हणून. किल्लारीकडच्या एका लहान गावातल्या दगडी चर्चसाठी निलंग्याच्या खाजामियाँ सुताराने मला सागवानातून घडवले. तेव्हा ते तरुण होते. रंधा मारून झाल्यावर माझ्या पाठीवर हात फिरवून ते म्हणाले, "मजबूत हाय."

चर्चची राखण मडिवाळप्पांकडे होती. उपासना संपून लोक पांगले की ते आणि त्यांची बायको रत्नम्मा झाडलोट करत आणि मग माझ्यावर निवांत बसत. मला वाटे, माझे सारे आयुष्य असेच जाणार.

मग त्र्याण्णव सालची ती पहाट आली. गणपती विसर्जन होऊन गाव नुकते निजले होते. जमिनीतून गुरगुर ऐकू आली आणि भिंती एकदम बसल्या. चर्चचे छप्पर कोसळून माझा एक पाय मोडला, पाठ चिरली. उजाडल्यावर लोकांनी मला ढिगाऱ्यातून ओढून काढले, कारण जखमींना न्यायला गावात एकही खाट धड उरली नव्हती. त्यांनी माझ्यावर ज्यांना निजवले, ते मडिवाळप्पा होते. रत्नम्मा त्यांचा हात धरून सोबत पळत होती. डांबरी सडकेपर्यंत पोचण्याआधीच त्यांनी माझ्यावर प्राण सोडला.

पुढे रत्नम्माचा भाऊ तिला लातूरला घेऊन आला. त्याने तिला दोन खोल्या बांधून दिल्या. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून ती मलाही घेऊन आली. मागच्या खोलीत मला भिंतीला टेकवून ठेवले आणि खोलीला कुलूप लावले. दर रविवारी ती कुलूप काढून आत येई, माझ्यापुढे गुडघे टेके आणि म्हणे, "प्रभू, होतं तसं माघारी दे." त्यापलीकडे तिची प्रार्थना कधी गेली नाही. एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला जाई. पण कुणाच्या घरी जाणे नाही, कुणाला घरी बोलावणे नाही.

मला मात्र या कुलपाचा अभिमान वाटे. आपण आता पवित्र झालो, असे मी समजत होतो. खरे तर अंधारात मला वाळवी लागली होती.

लातूर तोवर शिकवण्यांचे शहर झाले होते. गावोगावची मुले डॉक्टर व्हायला येत आणि गल्लीगल्लीत खोल्यांचा शोध चाले. एके दुपारी हिमायतनगरच्या वहिदाबी आपल्या लेकीला, इकराला घेऊन दाराशी आल्या. दोन ठिकाणी तर नाव ऐकूनच त्यांना नाही म्हटले होते.

"लेक हुशार हाय, बाई," वहिदाबी म्हणाल्या. "शिकवणीत नंबर लागला, पर ठिकाणा मिळून नाही राहिला."

"खोली हाय, पर ती द्यायची न्हाई," असे सांगून रत्नम्माने दार लावले.

मग ती माझ्याकडे आली. बसताना तिने माझ्या हाताचा आधार घेतला, तर लाकडाचा भुगा तिच्या मुठीत आला. ती कितीतरी वेळ मुठीकडे बघत राहिली. शेवटी रडत म्हणाली, "प्रभू, मी धरून ठेवलं, तेबी न्हाई राहिलं. आता तुला पाहिजे तसं कर. मला भ्या वाटतंय, पर कर."

आणि ती उठून रस्त्यावर धावली. मायलेकी कोपऱ्यापर्यंतच गेल्या होत्या. तिने त्यांना माघारी आणले आणि माझीच खोली इकराला देऊ केली.

खाजामियाँ आता म्हातारे झाले होते. निरोप मिळताच ते निलंग्याहून आले. मला उलटेसुलटे करून त्यांनी मान हलवली.

"वहिनी, पाठ आन् हात कापावे लागतील. पोखरलेलं समदं काढतो, नवे उंच पाय लावतो. पोरीला टेबल होईल. पर पुन्हा बाक व्हायचा न्हाई."

रत्नम्माने डोळे मिटले. "कापा, भाई."

मी फार घाबरलो. करवत लागली तेव्हा वाटले, हा शेवट आहे. जे गेले ते परत आले नाही, मित्रांनो. पण आतले लाकूड अजून पक्के निघाले.

इकराने माझ्यावर रात्रंदिवस अभ्यास केला. तरीही प्रवेश परीक्षेत तिचा नंबर लागला नाही. निकालाच्या दिवशी ती माझ्यावर डोके टेकून रत्नम्माला म्हणाली, "अम्मा, मी आता घरी कशी जाऊ? माझं समदं संपलं."

रत्नम्मा तिच्याजवळ बसली. कुणालाच कधी न सांगितलेले तिने सांगितले. "पोरी, ह्याच लाकडावर माझा नवरा गेला."

इकराने दचकून हात मागे घेतला.

"न्हाई, ठेव हात. मलाबी वाटलं होतं, संपलं. लई वरसं देवाला म्हणत होते, होतं तसं माघारी दे. त्यानं ते दिलं न्हाई. तुला धाडलं."

इकराने हळूच दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले आणि ती मोकळेपणी रडली.

पुढे इकरा नर्स झाली. दुसऱ्या मुली आल्या, आणखी येतील. मित्रांनो, आपल्या माणसांच्या आठवणी जपा, पण त्या कुलपात कोंडू नका. आणि देव तुम्हाला नवे रूप देऊ लागला, तर दुखेल. तरी त्याला थांबवू नका.