भोक नसलेलं छत

सकाळचे आठही वाजले नव्हते आणि ट्रेलरमध्ये तीसेक माणसं कोंबून बसली होती. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं ते चाकांवरचं घर, सहा जणांनी झोपावं एवढं. आतले पलंग आणि कपाटं काढून टाकल्यामुळे तीस जण मावत होते, तेही एकमेकांच्या मांडीवर गुडघे टेकवून. दार बंद, खिडक्या बंद. बाहेर गवतावरचं दव गोठलेलं आणि आत ओल्या लोकरीचा, मोज्यांचा आणि न धुतलेल्या तोंडांचा वास. कोपऱ्यात गॅसवर भली मोठी किटली उकळत होती. ती म्हणे भक्तांच्या चहासाठी होती. चहा मात्र आजवर कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

"खोल श्वास घ्या. पोटातून," पाझरबाबा खुर्चीवरून म्हणाला. "आणि सोडताना म्हणा, पाझर."

"पाझर," तीस तोंडं म्हणाली.

"जेवला नाहीत का? वरच्याला ऐकू जायला नको?"

लोक घसा ताणून ओरडायला लागले. अर्धा तास हे चाललं. छताला निळं चकचकीत कापड ताणून लावलं होतं आणि मधोमध ताटाएवढं गोल भोक ठेवलं होतं. त्यातून उघडा पत्रा दिसायचा. बाबा त्याला आकाशाचा डोळा म्हणायचा. सगळ्यांच्या माना वर, नजरा त्या डोळ्यावर. आधी पत्रा धुरकटला, मग त्यावर मोहरीएवढे मणी उमटले, मग एक थेंब लोंबकळला आणि खालच्या वाडग्यात टपकन पडला. एक बाई हुंदके देऊन रडायला लागली. पोस्टमनकाकांनी हात जोडले. दुसरा थेंब पडला, तिसरा पडला, आणि मग धार म्हणता येईल असं काहीतरी सुरू झालं.

"रडतोय तो तुमच्यासाठी," बाबा म्हणाला. "काल दहा जण होते, डोळा कोरडा राहिला. आज तीस आहात, बघा कसा वाहतोय. जेवढा तुमचा विश्वास, तेवढी त्याची करुणा."

मग वाडगा फिरला. ज्याने त्याने बोट बुडवून चाटलं, आजाऱ्यांनी बाटलीत भरून घेतलं. बोटं बुडत होती आणि पाणी पुढे जात होतं.

दाराशी मिस्त्रीणबाई उभी होती. ती ट्रेलर दुरुस्त करणारी, त्यातही गळती शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ट्रेलरांच्या या मैदानावर कायमची राहणारी निम्मी कुटुंबं तिची गिऱ्हाइकं होती. ती इथे आली होती आईला न्यायला. आई पहिल्या रांगेत बसली होती, हातात बाटली घेऊन. आईला वीस वर्षांचा दमा.

"आई, चल. भोक पडलंय छताला, दुसरं काही नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. पाझरबाबा हसला. त्याला राग येत नसे, हा त्याचा मोठाच गुण होता.

"बाई तज्ज्ञ आहेत," तो म्हणाला. "मग शोधा की भोक. आज पाऊस पडून किती दिवस झाले?"

"तीन आठवडे," पोस्टमनकाका म्हणाले.

"पाण्याची टाकी?" मिस्त्रीणबाईने विचारलं.

"टाकी आम्ही काढूनच टाकलीय, बाई. स्वतः बघा," बाबा म्हणाला.

तिने बघितलं. टाकी नव्हती, नळ नव्हता, छतावर एक डबडंही नव्हतं. मग तिने आपली नेहमीची परीक्षा लावली. सगळ्यांना बाहेर काढलं. दारात पुठ्ठा बसवून त्यात मोठा ब्लोअर घातला आणि ट्रेलरमध्ये हवा कोंबली. मग शिडीवर चढून छताच्या एकेका सांध्यावर, एकेका स्क्रूवर आणि खिडक्यांच्या कडांवर साबणाचं पाणी मारलं. जिथे फट असेल तिथून आतली हवा बाहेर येते आणि फेस फुगतो. पाणी आत कुठून शिरतं हे शोधायचं तर हवा बाहेर कुठून येते ते बघायचं, ही तिच्या धंद्यातली साधी युक्ती. दोन तास ती गुडघ्यांवर रांगली. एकही बुडबुडा आला नाही. एवढं घट्ट छत तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

दोन गोष्टी तिच्या नजरेत आल्या होत्या. सगळ्या खिडक्या आतून चिकटपट्टीने बंद होत्या, पण बाबाच्या खुर्चीमागच्या छोट्या खिडकीच्या बिजागरीला ताजं तेल होतं. आणि ते निळं कापड उचलून बघावंसं तिला वाटलं होतं. पण काम बाहेरून होतं, आणि तिने ते बाहेरूनच केलं.

"काय निघालं?" पोस्टमनकाकांनी विचारलं.

खोटं बोलणं तिला जमलं असतं. पण कामाच्या बाबतीत ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती.

"भोक नाही," ती म्हणाली.

"लिहून द्याल?" बाबाने लगेच विचारलं.

तिने आपल्या कामाच्या छापील कागदावर लिहून दिलं: छत, सांधे, खिडक्या तपासल्या, गळती नाही. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी तो कागद काचेच्या चौकटीत बसून ट्रेलरच्या दाराशी लटकला होता. भोक नाही, टाकी नाही, पाऊस नाही, मग पाणी कुठून येतं, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी आणि बोट वर करी. गर्दी दुप्पट झाली. लोक दोन पाळ्यांत बसू लागले. मिस्त्रीणबाईला तिकडून जाताना स्वतःच्या सहीची शिसारी यायची.

आठवड्याने आईने फोन उचलला नाही. ती आईच्या ट्रेलरकडे धावत गेली तर आई पलंगाच्या कडेला वाकून बसलेली, खांदे वरखाली होताहेत, छातीतून शिट्टी वाजतेय. दम्याचा पंप कुठे दिसेना. तो सापडला जुन्या चपलांच्या खोक्यात.

"कधीपासून बंद केलास?"

"तू... लिहून दिलंस... त्या दिवसापासून." आईला एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं. "आधी शंका होती गं. म्हटलं, माझी लेक सांगते... भोक नाही. मग खरंच असणार."

मिस्त्रीणबाईला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिने आईला उचलल्यासारखं करून गाडीत बसवलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी वाफेतून औषध दिलं, छाती ऐकली आणि विचारलं, "कोंदट जागेत बसता का रोज? बुरशी आहे का तिथे? असंच चाललं तर पुढच्या वेळी इथपर्यंत पोचणार नाही तुम्ही." आईने मान फिरवली. पंप घ्यायला तिने साफ नकार दिला. औषध घेतलं तर कृपा जाते, असं बाबाने सांगितलं होतं.

बाहेर येऊन दोघी गाडीत बसल्या. मिस्त्रीणबाईने गाडी चालू केलीच नाही. ती बोलत राहिली, आधी समजावून, मग चिडून, मग रडून. आई घरघरत ऐकत होती. बोलता बोलता समोरचं दिसेनासं झालं. काच आतून धुरकटली होती. वरच्या कडेला एक थेंब जमला आणि ओघळत खाली आला. आईने पिशवीतून बाटली काढली आणि तो थेंब अलगद तिच्यात घेतला.

"आई, काय करतेस?"

"इथेही आला बघ," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तुझ्या गाडीत."

मिस्त्रीणबाई काचेकडे बघतच राहिली. बाहेर पाऊस नव्हता. काचेला भोक नव्हतं. पाणी बाहेरून आत आलंच नव्हतं; ते आतलंच होतं, दोघींच्या तोंडातून निघालेलं. पंधरा वर्षं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आली होती की स्वयंपाक करताना खिडकी उघडा, नाहीतर वाफ गार पत्र्यावर बसून भिंती कुजतील. आणि ती दोन तास छतावर रांगून बाहेरून येणारं पाणी शोधत होती. छत इतकं घट्ट का, हा प्रश्न तिला तेव्हाच पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाझरबाबाच्या दारात उभी राहिली आणि जमलेल्यांना म्हणाली, "माझ्या कारखान्यातही एका ट्रेलरचं छत पाझरतं. बघायचंय?"

एक चमत्कार सोडून लोक दुसऱ्याकडे धावणार नाहीत असं कुणाला वाटत असेल तर त्याने लोक पाहिलेले नाहीत. सगळा जथा उठला. बाबालाही जावं लागलं. आईही आली, मुलीचा हात न धरता.

कारखान्यात एक जुना ट्रेलर दुरुस्तीला आला होता. छताचं आतलं प्लायवूड आणि त्यामागचा थर्माकोल काढलेला, वर नुसता गार पत्रा. मिस्त्रीणबाईने तीस जणांना आत बसवलं, खिडक्या लावल्या, किटली ठेवली.

"म्हणायचं काय?" पोस्टमनकाकांनी विचारलं.

"काहीही. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडा."

तो विषय मैदानावर वर्षभर धुमसत होता. दोन मिनिटांत आवाज चढले. कुणाची चादर कुणी ढकलली, कुणाचे चिमटे कुणी लंपास केले, सगळं बाहेर निघालं. वीस मिनिटांनी पोस्टमनकाकांच्या टकलावर टपकन थेंब पडला आणि आवाज बंद झाले. मग दुसऱ्याच्या बाहीवर पडला. छतभर मणी चमकत होते.

"माझ्या पायाचा गुण," बाबा चटकन म्हणाला. "मी आलो, तोही आला."

"असेल," मिस्त्रीणबाई म्हणाली. "मग आता मी खिडक्या उघडते आणि किटली बंद करते. पाय इथेच ठेवा."

तिने पत्रा फडक्याने पुसला. गार वारा आत आला. लोक बसून राहिले, काही जण तर हट्टाने "पाझर, पाझर" म्हणत राहिले. अर्ध्या तासात एकही थेंब धरला नाही.

"आता खिडक्या लावते. सगळे बाहेर या. बाबा, तुम्ही एकटे बसा आणि बोलवा त्याला."

बाबाला अचानक महत्त्वाचं काम आठवलं. तो झपाट्याने मैदानाकडे निघाला. लोक मागे, सगळ्यांच्या पुढे मिस्त्रीणबाई. तिने बाबाच्या ट्रेलरमध्ये शिरून ते निळं कापड धरलं आणि एका झटक्यात खाली ओढलं.

आधी वास आला. मग दिसलं. कापडाची मागची बाजू काळीहिरवी, बुळबुळीत, बुरशीने माखलेली. वरचं प्लायवूड मधोमध कापलेलं.

"कुजलेलं लाकूड वेडंवाकडं तुटतं," ती म्हणाली. "ही कड बघा. करवतीने कापलीय, सरळ रेषेत. थर्माकोल मुद्दाम उपटलाय, पत्रा गार राहावा म्हणून. ही पट्टी वाकवून लावलीय, सगळीकडचं पाणी वाडग्यावर यावं म्हणून. तुमचा श्वास, किटलीची वाफ, वर गार पत्रा. दहा जण असले की पाणी कमी, तीस असले की जास्त. विश्वास नाही, डोकी मोजत होता तो. आणि तुमची डोकी कोंदट हवेने हलकी व्हायची तेव्हा हा या छोट्या खिडकीशी बसून ताजी हवा घेत होता."

पोस्टमनकाका त्या बुरशीकडे बघत होते.

"म्हणजे आम्ही प्यायलो ते काय होतं?"

"एकमेकांचा श्वास आणि घाम. या घाणीवरून ओघळलेला."

काकांनी शेजारच्याकडे पाहिलं. तो पंधरा दिवस खोकत होता. हुंदके देणारी बाई तोंडावर पदर दाबून बाहेर पळाली आणि चाकाशी ओकली.

दुपारच्या आत पाझरबाबा ट्रेलर गाडीला जोडून निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. खरी किळस याची की दोघा जणांनी जाता जाता त्याला पुढचा मुक्काम विचारून घेतला.

आई आपल्या ट्रेलरपुढच्या अंगणातल्या खुर्चीवर बसली होती, बाटली मांडीवर.

"पण मला बरं वाटत होतं गं," ती म्हणाली. "ते काय खोटं होतं?"

"ते खरं होतं," मिस्त्रीणबाई तिच्यापाशी बसत म्हणाली. "घरात एकटी असतेस तू. तिथे तीस माणसं रोज तुझ्याजवळ बसायची, कशी आहेस विचारायची. पाणी खोटं होतं."

बाबा निघायच्या आधीच तिने त्याच्या दाराशी लटकलेली चौकट उतरवून घेतली होती. आता तिने त्यातला आपला कागद काढला आणि जुन्या सहीखाली लिहिलं: भोक नाही हे खरं आहे, म्हणूनच पाणी आहे. बाहेरून काही येत नसेल तर आत काय चाललंय ते बघा. मी बघितलं नाही, चूक माझी. पुढच्या वेळी कुणी छतातून देव रडवला तर हात जोडायच्या आधी खिडकी उघडा आणि अर्धा तास थांबा. तिने तो कागद मैदानाच्या फाटकावर चिकटवला.

परत आली तेव्हा आईने बाटली गवतावर रिकामी केली होती. तिने पंप तोंडाला लावला, दाबला, श्वास रोखून धरला आणि सावकाश सोडला. मग उठून आपल्या ट्रेलरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

"पोस्टमनला सांग," ती म्हणाली, "उद्यापासून सकाळी सगळ्यांनी इथे बसायचं. शाल घेऊन या म्हणावं, गारठा असेल."